ट्रक दहापट लहान, गुरुत्वाकर्षण मात्र पूर्ण आकाराचं

दोन टनांचा एक ट्रक डोळ्यांसमोर आणा. त्याची लांबी, रुंदी आणि उंची दहापट कमी करा. आता त्याचं वजन किती भरेल? दोनशे किलो? अजिबात नाही. फक्त दोन किलो! लांबी दहापट घटली, रुंदी दहापट घटली, उंचीही दहापट घटली. या तिन्हींचा गुणाकार होतो हजार, म्हणून वजन एकदम हजारपट उतरतं.

अमेरिकेतल्या ट्रॅक्सस कंपनीचा ‘स्लॅश’ हा रेडिओ कंट्रोल ट्रक खोक्यातून बाहेर काढला की हे गणित थेट हाताला जाणवतं. खऱ्या ट्रकच्या एकदशांश मापाचा हा गडी साधारण ५७ सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद आहे. बॅटरी बसवल्यावर वजन अडीच किलोंच्या आसपास. दिसायला दांडगा, उचलायला हलका. त्याच्या बऱ्याचशा करामती या हलकेपणातून येतात.

कशा? गाडीचा एखादा भाग किती भार सोसेल, हे त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं. आकार दहापट लहान केला की क्षेत्रफळ शंभरपट घटतं, वजन मात्र हजारपट. म्हणजे त्याच मालाचा लहान ट्रक, स्वतःच्या वजनाच्या हिशेबात, मोठ्यापेक्षा दहापट मजबूत ठरतो! गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हाडांचं उदाहरण घेऊन हा नियम मांडला होता. तोच नियम आज अंगणात पाहायला मिळतो. खरा ट्रक चार-पाच मजल्यांच्या उंचीवरून आदळला तर भंगारात जाईल. स्लॅश त्याच प्रमाणातल्या उंचीवरून, म्हणजे आपल्या खांद्याएवढ्या उंचीवरून खाली येतो, चाकांवर उतरतो आणि पुढे पळत सुटतो.

मग निसर्गाने सगळं दान त्याच्याच पदरात टाकलं का? नाही. ट्रक लहान करता येतो, गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. दीड मीटरवरून जमिनीवर यायला आपल्या ट्रकला सुमारे ०.५५ सेकंद लागतात. खऱ्या ट्रकसाठी त्याच प्रमाणातली उंची १५ मीटर, आणि तिथून खाली यायला लागतात पावणेदोन सेकंद. अंतर दहापट कमी झालं, वेळ मात्र जेमतेम तिपटीने. नेमकं सांगायचं तर दहाच्या वर्गमुळाने, ३.१६ पट. लहान ट्रकच्या जगात सगळं तिप्पट घाईने घडतं. जुन्या सिनेमांत छोट्या प्रतिकृती वापरून पूर किंवा अपघात दाखवताना चित्रण जास्त वेगाने करून पडद्यावर संथ केलं जायचं, ते याचसाठी.

‘रेडी टू रन’ म्हणजे कारखान्यातच पूर्ण जोडलेली, बॅटरी चार्ज केली की पळायला तयार अशी गाडी. तरी पळवण्याआधी थोडी जुळवाजुळव करावीच लागते. ही जुळवाजुळव मला फार आवडते, कारण तिच्यातल्या प्रत्येक स्क्रूमागे एकच प्रश्न उभा असतो: लहान झालेली गाडी आणि लहान न होणारा निसर्ग यांचं जमवायचं कसं?

आधी या ट्रकचं घराणं पाहू. १९६७ साली मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात तिहुआना ते ला पाझ अशी वाळवंटी शर्यत सुरू झाली. पुढे ती ‘बाहा १०००’ म्हणून गाजली. पण शेकडो किलोमीटर पसरलेल्या वाळवंटातली शर्यत प्रेक्षकांनी बघायची कुठून? म्हणून अशाच ट्रकांसाठी मातीचे उंचवटे आणि वळणं रचलेले आखूड, बंदिस्त मार्ग तयार झाले. त्या शर्यतींना ‘शॉर्ट कोर्स’ म्हणतात. २००८ साली आलेला स्लॅश हा त्याच ट्रकांचा धाकटा अवतार.

जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ ही आपली पहिली रेडिओ कंट्रोल गाडी आणली, तेव्हा ती सुट्या भागांच्या रूपात मिळायची. कित्येक संध्याकाळी खर्ची घालून ती जोडावी लागे. त्या जोडणीत मालकाला गाडीचं अंतरंग आपोआप कळायचं. तयार गाडीत ती ओळख नंतर करून घ्यावी लागते. चला, करून घेऊ.

वरची बॉडी काढा. चार क्लिपा काढल्या की पुरे. हाताला लागतं ते पातळ, वाकणारं, तरीही न फुटणारं पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीत हरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते शोधलं. आता रंगावरून बोट फिरवा. रंग बोटाला लागतच नाही, कारण तो आतून मारलेला आहे! बॉडी मुळात पारदर्शक असते. आतला रंग बाहेरून दिसतो. ट्रक दगडांवर घासला, उलटा होऊन घसरत गेला, तरी ओरखडे प्लॅस्टिकवर उठतात. रंग आत सुखरूप राहतो.

याच बॉडीत आकाराच्या नियमाचा आणखी एक खेळ आहे. पृष्ठभाग शंभरपट घटला आणि वजन हजारपट, म्हणजे वजनाच्या मानाने वाऱ्याला तोंड देणारा पृष्ठभाग दहापट वाढला. उडी मारताना या रुंद बॉडीखाली हवा कोंडते आणि ती ट्रकला पॅराशूटसारखं वर उचलू बघते. म्हणून शर्यतीत उतरणारे लोक बॉडीच्या मागच्या भागाला भोकं पाडतात. खऱ्या ट्रकच्या चालकाला हवेची इतकी धास्ती नसते.

आता ट्रान्समीटर हातात घ्या. पिस्तुलासारखी मूठ, बोटाखाली वेगाचा ट्रिगर आणि बाजूला स्टिअरिंगचं छोटं चाक. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक छोटी बोट तारेविना चालवली. तुमच्या मुठीतला हा रेडिओ त्याच प्रयोगांच्या वंशातला.

पूर्वी या गाड्यांचे रेडिओ २७ मेगाहर्ट्झवर चालत. त्या लहरींची लांबी तब्बल ११ मीटर. एकाच वारंवारतेवर दोघांनी रेडिओ लावला की एकाच्या हुकमावर दुसऱ्याची गाडी भरकटायची! म्हणून मैदानावर फळा असायचा. आपल्या वारंवारतेचा चिमटा त्यावरून उचलल्याशिवाय कुणी रेडिओ सुरू करायचा नाही. आज ही भानगड संपली आहे. आताचे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतातही कमी शक्तीच्या उपकरणांसाठी तो परवान्याविना खुला आहे. इथे लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंमी.

पण याच पट्ट्यात वायफाय आहे, ब्लूटूथही आहे. इतक्या गर्दीत तुमचा हुकूम तुमच्याच ट्रकला कसा पोचतो? या पट्ट्यातले बरेच रेडिओ एका वारंवारतेवर थांबतच नाहीत. ते ठरलेल्या क्रमाने एकीवरून दुसरीवर उड्या मारत राहतात आणि ट्रकमधला रिसीव्हर त्याच क्रमाने मागोमाग जातो. या कल्पनेचं एक गाजलेलं पेटंट १९४२ साली मिळालं ते हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना! शत्रूला आपल्या टॉर्पेडोचा रेडिओ बंद पाडता येऊ नये, यासाठी त्यांनी पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, ८८ वारंवारता सुचवल्या होत्या. युद्धासाठी सुचलेली युक्ती आज मैदानात पोरं खेळताना वापरतात.

म्हणून जुळवणीचा पहिला नियम: आधी ट्रान्समीटर सुरू करायचा, मग ट्रक. बंद करताना उलट, आधी ट्रक आणि मग ट्रान्समीटर. ट्रक एक क्षणही बिनमालकाचा राहता कामा नये. मग एक चाचणी करा. ट्रक ठोकळ्यावर ठेवा, चारही चाकं अधांतरी. ट्रिगर थोडा दाबून चाकं फिरवा आणि ट्रान्समीटर बंद करा. हुकूम थांबल्याचं ओळखून ट्रकने स्वतःहून मोटर सोडून दिली पाहिजे. या व्यवस्थेला ‘फेलसेफ’ म्हणतात. ती चालते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मैदानात जाऊ नका.

स्टिअरिंगचं चाक फिरवा आणि पुढच्या चाकांकडे बघा. चाकं किती वळवायची हे ट्रकला कसं कळतं? काळाच्या भाषेत. सर्व्हो नावाच्या छोट्या डबीत मोटर, गिअर आणि स्थान मोजणारा एक भाग असतो. तिच्याकडे विजेचे ठोके येत राहतात, नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला पन्नासच्या आसपास. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाकं सरळ. एक मिलिसेकंद म्हणजे एका टोकाला, दोन मिलिसेकंद म्हणजे दुसऱ्या टोकाला. मधली प्रत्येक लांबी म्हणजे एक वेगळा कोन. डोळ्याची पापणी एकदा लवेपर्यंत हा संवाद कितीतरी वेळा होऊन जातो.

आता ट्रक गुळगुळीत फरशीवर ठेवा, चाक मोकळं सोडा आणि हळू पुढे न्या. एका बाजूला ओढतोय? मग ट्रान्समीटरवरचं ‘ट्रिम’चं बटण किंचित फिरवा. तुम्ही आत्ता त्या ठोक्याची लांबी सेकंदाच्या काही लाखांश भागाने बदललीत आणि ट्रक सरळ झाला!

वळताना नीट पाहिलंत तर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलेलं दिसेल. तसं हवंच, कारण आतल्या चाकाला लहान वर्तुळ काटायचं असतं. ही रचना म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गर या गाडीकाराने १८१७ साली घोडागाडीसाठी केली. पुढच्या वर्षी रुडोल्फ अ‍ॅकरमन यांनी इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं आणि नाव त्यांचंच रूढ झालं. दोनशे वर्षांपूर्वीच्या बग्गीचं शहाणपण तुमच्या या ट्रकमध्ये जसंच्या तसं आहे.

आता टायर. हे साधारण ११ सेंमी व्यासाचे असतात. साध्या ब्रश मोटरवरही हा ट्रक ताशी ४८ किमीपर्यंत जातो असं कंपनी सांगते. त्या वेगाला प्रत्येक चाक सेकंदाला चाळीसच्या आसपास फेरे मारतं, आणि मोटर तर त्याच्या दहापटीहून जास्त. आता टायरच्या बाहेरच्या पृष्ठभागावर काय बेततं ते पाहा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या असा हिशेब केला की उत्तर येतं गुरुत्वाकर्षणाच्या तीनशेपटीहून अधिक! रबराचा प्रत्येक कण आपल्या वजनाच्या तीनशेपट ताकदीने रिम सोडून बाहेर पळू बघतो. त्याच वेगाने जाणाऱ्या मोठ्या ट्रकच्या दहापट मोठ्या टायरमध्ये हा ताण दहापट कमी असतो. म्हणून इथे टायर रिमला चिकटवलेले असतात. पहिल्या फेरीआधी अंगठ्याने टायरची कड चौफेर दाबून बघा. कुठे सुटलेली दिसली तर तिथे सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचा थेंब सोडा. चाकांचे नट पान्याने घट्ट आहेत ना, तेही बघून घ्या.

मोटरवरचा छोटा पिनियन आणि त्याच्याशी जुळलेला मोठा स्पर गिअर यांच्या दातांत किती अंतर हवं? फार घट्ट असेल तर गिअर तापतात, फार सैल असेल तर दात झिजतात. जुनी युक्ती अशी: मोटरचे स्क्रू सैल करा, दोन्ही गिअरांमध्ये कागदाची पट्टी घाला, मोटर अलगद दाबून स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. कागदाच्या जाडीएवढं अंतर आपोआप राहतं. कागदावर दातांची नक्षी उमटली आणि कागद फाटला नाही, म्हणजे काम चोख झालं. आणखी एक ध्यानात ठेवा: धातूत शिरणारे स्क्रू थरथरीने सैल होतात, त्यांना थ्रेडलॉकचा थेंब लावा. प्लॅस्टिकमध्ये शिरणारे स्क्रू फार पिळू नका, त्यांचे आटे जातात.

मला सगळ्यात जास्त थक्क करतात ते शॉकअप. चार नळ्या, प्रत्येकीत सिलिकॉन तेल आणि भोकं पाडलेला पिस्टन, वरून स्प्रिंग. होळीची पिचकारी पाण्याने भरून दाबा, मग तीच काकवीने भरून दाबा. हाताला जो फरक जाणवेल तोच पातळ आणि घट्ट तेलातला फरक. स्प्रिंग उसळी मारते आणि तेल तिचा जोर खाऊन त्याची उष्णता करतं. इथे घाईचा तो नियम पुन्हा आडवा येतो. मोठा ट्रक स्प्रिंगांवर सेकंदाला दीड-दोन वेळा डोलत असेल, तर हा सुमारे पाच वेळा डोलेल. तितक्या घाईत डोलणं थांबवायचं काम त्या चमचाभर तेलाचं.

तपासायचं कसं? बॅटरी बसवलेला ट्रक फूटभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडा. तो दबला पाहिजे आणि शांतपणे आपल्या उंचीला परत आला पाहिजे. चेंडूसारखा उसळला तर तेल घट्ट हवं किंवा स्प्रिंग मऊ हवी. पोट जमिनीवर आपटलं तर स्प्रिंगवरच्या प्लॅस्टिकच्या छोट्या चकत्या घालून ताण वाढवा. मुरमाच्या मैदानावर, जिथे बारीक खडे सतत चाकाखाली येतात, तिथे तेल थोडं पातळ असलेलं बरं. टायर जमिनीला धरून राहतात.

मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल बसलंय. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. तरी एकच मोटर दोघांना फिरवते. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी ही गिअरांची रचना केली. पण खडबडीत रस्त्यावर तिची एक अडचण होते. एक चाक हवेत उचललं गेलं की ताकद सोप्या वाटेने जाते आणि ते अधांतरी चाकच गरगर फिरत राहतं. त्यावर उपाय म्हणून डिफरन्शियलमध्ये घट्ट ग्रीस किंवा सिलिकॉन तेल भरतात. अधांतरी चाकाला थोडं अडवलं की दुसऱ्या चाकाच्या वाट्याला ताकद येते.

आता बॅटरी. ७ सेलची, ८.४ व्होल्टची, ३००० मिलिअँपिअर-अवरची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी या ट्रकबरोबर बराच काळ दिली गेली आहे. मुठीत मावेल एवढ्या त्या पट्टीत सुमारे ९० हजार जूल ऊर्जा असते. कुठेही काही वाया न घालवता ती वापरता आली, तर हा ट्रक कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर उचलता येईल! लिथियम-पॉलिमर बॅटरी लावली तर वजन कमी आणि जोर जास्त, पण तिचे नियम कडक आहेत. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नाही आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. म्हणून ट्रकच्या वेगनियंत्रकात कमी व्होल्टेजला मोटर थांबवण्याची सोय असते. लिथियम बॅटरी लावण्याआधी ती सोय चालू आहे हे तपासा. चार्जर तिच्यासाठी बनवलेला, सेल समतोल ठेवणारा असावा, आणि चार्जिंग चालू असताना बॅटरीपाशी कुणीतरी जागं माणूस हवं.

झाली तयारी. मोकळं मैदान शोधा. रस्ता नको, माणसांची वर्दळ नको. वेगनियंत्रकात शिकाऊंसाठी अर्ध्या ताकदीचा पर्याय आहे, तो निवडा. ट्रक पुढे जातोय तोवर सगळं सोपं असतं. तो वळून तुमच्याकडे येऊ लागला की गंमत सुरू होते: तुमचं डावं त्याचं उजवं होतं! हात गोंधळतात. मैदानात इंग्रजी आठचा आकडा गिरवत राहा. थोड्या सरावाने मेंदू गाडीत जाऊन बसतो आणि डावं-उजवं तिथून ठरवू लागतो. आपण उभे असतो मैदानाच्या कडेला, पण दिशा ठरते अडीच किलोंच्या ट्रकच्या नजरेने. मेंदू हे आपल्याला न सांगता शिकतो.

आणि मग पहिली उडी. ट्रक हवेत आहे, चारही चाकं जमिनीपासून सुटली आहेत. आता त्याच्यावर तुमचा काही ताबा राहिला आहे का? आहे! हवेत नाक खाली झुकताना दिसलं तर ट्रिगर दाबा. मागची चाकं वेगाने पुढे फिरू लागतात, त्याची प्रतिक्रिया म्हणून ट्रकचं अंग उलट्या दिशेला फिरतं आणि नाक वर येतं. नाक फार वर गेलं तर ब्रेक लावा. फिरती चाकं थांबतात आणि त्यांचं फिरणं अंगाला मिळून नाक खाली येतं. कोनीय संवेगाची ही देवाणघेवाण आहे. हबल दुर्बीण अंतराळात आपली दिशा बदलते तीही आतली जड चाकं फिरवूनच. हबलच्या हाताशी वेळ भरपूर असतो, तुमच्या हातात अर्धा सेकंद. तेवढ्यात डोळा बघतो, बोट हलतं, हुकूम पोचतो, चाक फिरतं आणि ट्रक सरळ उतरतो.

यापुढची जुळवाजुळव तुमच्या हातात आहे आणि तिची पद्धत प्रयोगशाळेतली आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तोच उंचवटा पुन्हा घ्या. पुढचं तेल घट्ट केलं तर नाक कधी झुकतं? मागची स्प्रिंग मऊ केली तर वळणावर पकड वाढते की घटते? दोन्ही एकदम बदललंत तर फरक कशाने पडला हे कळणार नाही. एकेक बदललंत तर प्रत्येक वेळी निसर्ग स्पष्ट उत्तर देईल. प्रश्न विचारायला एक पाना, तेलाची एक बाटली आणि मोकळं मैदान पुरतं.